काटा डॉक्टरांच्याही मनात
2003 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात लठ्ठपणावर काम करणाऱ्या डॉक्टर-संशोधकांचीच चाचणी झाली आणि ‘जाड म्हणजे आळशी’ हा नकळत बाळगलेला ग्रह त्यांच्यातही सापडला. हाच ग्रह मग आरोग्यक्षेत्रातल्या माणसांच्या स्वतःच्या ताटापर्यंत येतो. आहारतज्ज्ञाची अंगकाठी हीच तिची पदवी मानली, की डब्यातली अर्धी पोळी मोडून परत ठेवणारी आहारशास्त्राची विद्यार्थिनी आपल्याला शिस्तीची वाटते. तिला खाण्याचा आजार असू शकतो.

जाडीमुळे मधुमेहाचा धोका वाढतो, मग डॉक्टरांनी गप्प बसायचं का? मुळीच नाही. पण लाजवून वजन उतरत नाही. माणूस तपासणीच टाळू लागतो. जाड दंडाला रक्तदाबाचा लहान पट्टा बांधला तर आकडाही खोटाच चढतो. दवाखान्यात मोठा पट्टा हवा, आणि खाण्याशी झगडणाऱ्या परिचारिकेला, विद्यार्थ्याला नाव उघड न होता उपचार मिळायला हवेत.