आजी, गोळी आणि मोठं आतडं

परवा शनिवारी यवतला गेलो होतो. आजीची साखर वाढलीये, डॉक्टरांनी इन्सुलिन सांगितलंय. आजीचं उत्तर ठरलेलं : "तू कॉम्प्युटरवाला ना? गोळी निघाली की सांग. तोवर सुई नको."

मग बसलो वाचत. इन्सुलिन हे प्रथिन. पोटातलं आम्ल आणि लहान आतड्यातले पाचक रस ते डाळीसारखं पचवून टाकतात. मोठ्या आतड्यात हे रस कमी, मुक्कामही लांबलचक. म्हणून १९८६ मध्ये अमेरिकेत मरे सॅफ्रन आणि सहकाऱ्यांनी इन्सुलिनला असं आवरण दिलं, की ते फक्त तिथले जिवाणूच फोडतील. उंदरांची साखर उतरलीसुद्धा! आहे की नाही पासवर्डवालं पाकीट?

पण पाकीट उघडलं तरी एवढा मोठा रेणू आतड्याच्या भिंतीतून रक्तात फारसा जात नाही. २०१९ मध्ये अमेरिकेत मंजूर झालेली सेमाग्लुटाइडची गोळीच बघा. हे इन्सुलिन नाही, रेणूही त्याहून लहान, जठरातूनच शोषला जातो. तरी जेमतेम एक टक्का रक्तात पोचतो. बाकीचं वाया. असं महागडं वाया घालवणं आजीला परवडेल?

माझं मत साधं आहे. संशोधन चालू राहू दे, पण पुढच्या व्हर्जनची वाट बघत कोणी आजचा सर्व्हर बंद ठेवत नाही. वाढलेली साखर डोळ्यांसाठी, किडनीसाठी थांबत नाही.

आजीला पेनची चार मिलिमीटरची सुई दाखवली. "एवढीशीच?" म्हणाली.

असो... रविवारी पहिला डोस घेतला तिने. तुमच्या घरी कोण थांबलंय गोळीसाठी?