पहाटेच्या उजेडाचें खूळ

तुळशीचीं लग्नें आटोपलीं कीं माणसांच्या लग्नांची घाई सुरू होते, आणि हल्लीं त्या घाईच्याही पुढें एक नवी घाई धांवूं लागली आहे. लग्नापूर्वीं वधूवरांनीं डोंगरावर, तळ्याकांठीं किंवा समुद्रकिनारीं जाऊन आपलीं छायाचित्रें काढून घ्यावयाचीं, हा तो प्रकार. त्याला सुटसुटीत मराठी नांव अजून पडलेलें नाहीं. घरोघरीं 'प्री-वेडिंग शूट' असेंच म्हणतात, आणि आम्हीही तेंच म्हणूं. या प्रकाराविरुद्ध आजवर पुष्कळ ओरड झाली आहे. ती बहुतेक संस्कृतिरक्षकांची. कांहीं ज्ञातिमंडळांनीं तर तो बंद करण्याचे ठरावही केले. त्या पक्षाशीं आमचें कांहीं देणेंघेणें नाहीं. ज्या समाजांत कित्येक मुलींना नवऱ्याचें तोंड अंतरपाट दूर झाल्यावरच दिसत असे, त्या समाजांत दोन माणसें लग्नाआधीं एक दिवस उन्हांत बरोबर हिंडतात, एकमेकांची भूक आणि एकमेकांचा कंटाळा पाहतात, हें आम्हांस या साऱ्या खटाटोपांतील सर्वांत चांगलें अंग वाटतें. आमची तक्रार निराळी आहे. हिवाळ्यांतला हा दिवस आखतांना उजेडाचा विचार होतो, जागेचा होतो, कपड्यांचा तर फारच होतो. थंडीचा मात्र होत नाहीं, आणि ती थंडी जिनें सोसावयाची तिचा तर मुळींच होत नाहीं.

पुण्याकडील कार्यक्रम बहुधा असा असतो. पहाटे तीन वाजतां वधूला मेकअपसाठीं उठवावयाचें, साडेचारला मोटार, सहाला पवना धरणाच्या कांठीं हजर. कां? तर सूर्योदयाचा सोनेरी उजेड गांठावयाचा. डिसेंबरअखेर तेथें सूर्य सातच्या सुमारास उगवतो, आणि चोवीस तासांतील सर्वांत कडक थंडी नेमकी त्याच वेळीं असते. कारण रात्रभर जमीन निवतच जाते आणि ऊन पडेपर्यंत तिला भरपाई मिळत नाहीं. त्यांतही गार हवा जड. ती उतारावरून ओघळून दरीच्या तळाशीं सांचते. पुण्यांतच अशा पहाटे पारा दहा अंशांखालीं जातो; महाबळेश्वरीं वेण्णा तलावाच्या आसपास दंव गोठल्याचें तर कित्येक हिवाळ्यांत ऐकूं येतें. अशा हवेंत वर कोटांत असतो. वधूच्या अंगावर बिनबाह्यांचा, पांतळ कापडाचा, मागें दहापंधरा हात लोळणारें शेपूट असलेला भाड्याचा झगा असतो. शेपूट वाऱ्यावर उडवावयास एक मुलगा. तें पडलें कीं पुन्हां उडवावयाचें. "मॅडम, थंडी चेहऱ्यावर दिसते आहे," असें तिला सांगण्यांत येतें. दिसेल नाहीं तर काय होईल?

आतां या सोनेरी उजेडाचाच हिशेब करूं, कारण सारा आग्रह त्यावर उभा आहे. हा नियम विलायतेकडून आला, आणि तेथें त्याला अर्थ आहे. लंडनमध्यें २१ डिसेंबरच्या मध्यान्हींही सूर्य क्षितिजापासून अवघा पंधरा अंश वर येतो, आणि उगवतांना तिरक्या वाटेनें सावकाश चढतो. म्हणून तेथील कोंवळा उजेड पुष्कळ वेळ टिकतो. पुण्यास सूर्य बराच सरळ चढतो. क्षितिज सोडल्यापासून सहा अंश वर यावयास त्याला अर्धा तास पुरतो. म्हणजे तीन वाजतां उठून, चार तास कुडकुडून जें पदरांत पडावयाचें तें अर्ध्या तासाचें. उलट, त्याच दिवशीं पुण्याचा मध्यान्हीचा सूर्य अठ्ठेचाळीस अंशांपलीकडे जातच नाहीं. सकाळीं साडेनऊला तो तीस अंशांच्या आंत असतो, दुपारीं चारला पुन्हां पंचवीसच्या आसपास. मेच्या मध्यास हाच सूर्य थेट माथ्यावर येतो, डोळ्यांखालीं काळ्या सावल्या पाडतो. तेव्हां पहाटेची धांवपळ समजूं शकते. हिवाळ्याचा गुण हाच कीं, आपल्या अक्षांशावर त्यांत सकाळ लांबते आणि संध्याकाळ लवकर सुरू होते. हा गुण आयता मिळाला असतां तो न ओळखणें आणि दुसऱ्याच्या आकाशासाठीं केलेला नियम आपल्या मुलींच्या उघड्या दंडांवर चालविणें, याला कला म्हणावयास आम्ही तयार नाहीं.

कोणी म्हणेल, पाण्यावरचें धुकें नवाला राहत नाहीं. खरें आहे. ज्यांना धुकेंच हवें त्यांनीं अवश्य पहाटे जावें. पण मग धुक्याला शोभेल असा पोशाख करावा. शाल, स्वेटर, हातांत चहाचा पेला, लाल झालेलें नाक, हीं चित्रांत कां येऊं नयेत? धुकें दाखवावयाचें आणि थंडी लपवावयाची हा अजब न्याय आहे. जुन्या पिढ्यांना कॅमेऱ्यासमोर ताठ बसावें लागे, तें कांचा मंद होत्या म्हणून. १८५४ सालीं मुंबईंत फोटोग्राफिक सोसायटी निघाली त्या काळीं एका चित्रासाठीं कित्येक सेकंद निश्चल राहणें भाग होतें. तो जाच यंत्राचा होता. आजचें यंत्र सेकंदाच्या हजाराव्या भागांत काम उरकतें, अंधुक उजेडांतही उरकतें. आणि माणसाला मात्र तासन् तास उभें करतें!

पोशाखावरून आठवलें. थंडींत डोंगरावरचें गवत वाळून त्याला कुसळें आलेलीं असतात. तें लांब शेपूट दहा पावलांत त्यांनीं भरून जातें आणि मग दोघेजण बसून तीं वेंचीत राहतात. रंगीत धुराच्या कांड्या पेटविण्याचें वेड याहून वाईट. वाळल्या गवतांत जळती कांडी टाकली कीं वणव्याला वेळ लागत नाहीं. आणि उघडा बोडका दिसणारा सडा मेलेला नसतो. पावसाळ्यांत फुलणाऱ्या वनस्पतींचें बीं आणि कंद त्या बोटभर मातींतच पडून असतात. तेथें मोटारी नेणाऱ्यांस हें कोणी सांगत नाहीं.

पण ज्याविषयीं कोणीच बोलत नाहीं ती गोष्ट वेगळीच आहे. एका दिवसांत चार पोशाख ठरलेले असतात आणि तळ्याकांठीं आडोसा नसतो. वर झाडामागें जाऊन सदरा बदलतो. वधू मोटारींत, कांचांना ओढण्या बांधून, बहिणीला पाहऱ्यावर उभी करून, थंडगार बैठकीवर वांकून वस्त्रें बदलते. आणि शौचाची सोय नाहीं म्हणून सकाळपासून पाणी पीत नाहीं. हा खर्च बहुतेक वेळां तिचेच वडील देतात. सुंदर जागांची यादी छायाचित्रकारापाशीं लांबलचक असते, परंतु तींतील कोणत्या जागीं दार लागणारी एक खोली आहे हें त्या यादींत लिहिलेलें नसतें. विसार देण्यापूर्वीं मुलीकडच्या मंडळींनीं प्रथम तेंच विचारावें. जेथें खोली नाहीं तेथें पोशाख एकच ठेवावा, आणि तो निवडतांना लोकरीची शाल बरोबर जाईल कीं नाहीं तें पाहावें. निघण्याची वेळ सकाळीं आठची मागावी. त्यावर छायाचित्रकार कुरकुरला तर अठ्ठेचाळीस अंशांचा हिशेब त्याच्यापुढें ठेवावा. न पटल्यास शहरांत दुसरे पुष्कळ आहेत.