चूक नेमकी कुठल्या फांदीवर?

गिटमध्ये एका ब्रँचवरून दुसरीवर जाताना नावातले एक अक्षर चुकले, तर 'गिट चेकआउट' जे उत्तर देते त्यात ब्रँचचा उल्लेखच नसतो. या पाथशी जुळणारी एकही फाइल गिटला माहीत नाही, असे ते सांगते. वापरणाऱ्याच्या डोक्यात ब्रँच असते आणि टूल फाइलबद्दल बोलत असते. हा संदेश कुणी निष्काळजीपणे लिहिलेला नाही. चेकआउट या एकाच सबकमांडकडे बरीच वर्षे दोन कामे होती, ब्रँच बदलणे आणि फाइलची जुनी प्रत परत आणणे. दिलेले नाव ब्रँचचे निघाले नाही की ते फाइलचे असणार असे धरून चालणे तिला भाग होते आणि फाइलही सापडली नाही की तक्रार फाइलचीच व्हायची. ऑगस्ट २०१९ मध्ये गिटच्या २.२३ या आवृत्तीत 'स्विच' आणि 'रिस्टोअर' अशा दोन वेगळ्या सबकमांड आल्या. आता तीच चूक स्विचपाशी केली, तर हे नाव वैध संदर्भ नाही, असे थेट उत्तर मिळते. हा फरक शब्दांच्या रंगरंगोटीने पडलेला नाही. सबकमांडची जबाबदारी एकच झाली, म्हणून चुकीकडे नेमके बोट दाखवता आले.

या अंकाच्या निमित्ताने आमचे म्हणणे मांडतो ते याच अनुभवावरून. सबकमांड असलेले टूल हे एक झाड असते. मुळाशी टूलचे नाव, मग सबकमांड, कधी तिच्याही पोटात आणखी एक सबकमांड, मग ऑप्शन आणि शेवटी त्यांना दिलेल्या किमती. वापरणारा यातल्या कुठल्या तरी एका फांदीवर चुकतो किंवा त्याने सगळे बरोबर लिहिलेले असते आणि चूक झाडाबाहेर, डिस्कवर, नेटवर्कवर, परवानगीत असते. एरर मेसेजचे पहिले काम ही जागा ओळखणे आणि तिथूनच बोलणे हे आहे. भाषा सौम्य आहे की रुक्ष, रंग लाल आहे की पिवळा, हे प्रश्न त्यानंतरचे. आपल्याकडे बहुतेक टूल्स एकतर मुळापाशी उभी राहून सगळ्या झाडाची यादी वाचून दाखवतात किंवा झाडाबाहेर घडलेल्या गोष्टीसाठी वापरणाऱ्याला व्याकरणाचा धडा देतात.

पायथनच्या प्रमाण ग्रंथालयातील आर्गपार्स हे याचे सर्वांत परिचित उदाहरण. हजारो अंतर्गत टूल्स त्यावर उभी आहेत, त्यामुळे त्याचे वागणे हेच अनेकांच्या टूलचे वागणे ठरते. सबकमांडच्या एखाद्या ऑप्शनला अंकाऐवजी शब्द दिला, तर आर्गपार्स त्या सबकमांडची वापरपद्धती छापून चूक सांगतो, आणि हे योग्यच आहे. पण त्याच सबकमांडला अस्तित्वात नसलेला ऑप्शन दिला, तर वर्षानुवर्षे तो मुख्य टूलची वापरपद्धती छापत आला आहे. कारण आतल्या रचनेत आहे. सबकमांडच्या पार्सरला न कळलेले शब्द तो बाजूला काढून वर पाठवतो आणि अखेरची तक्रार मुख्य पार्सर करतो. वापरणाऱ्याला मात्र वाटते की आपण मुळापाशीच काहीतरी चुकलो. म्हणजे एकाच फांदीवरच्या दोन चुका दोन वेगळ्या ठिकाणांहून बोलतात.

सबकमांड दिलीच नाही, तर काय होते, याची कथा आणखी बोलकी आहे. पायथन २ मध्ये 'आर्ग्युमेंट्स कमी पडले' असे त्रोटक का होईना, पण उत्तर मिळत असे. ३.३ मध्ये आवश्यक आर्ग्युमेंट्स तपासण्याची पद्धत बदलली आणि त्या ओघात सबकमांड नकळत ऐच्छिक झाली. ज्यांनी दस्तऐवजात सुचवल्याप्रमाणे प्रत्येक सबकमांडला एक फंक्शन जोडले होते, त्यांच्या टूलचे नुसते नाव टाइप केले की 'नेमस्पेस या ऑब्जेक्टला फंक नावाचा गुणधर्म नाही' असा ट्रेसबॅक पडद्यावर येऊ लागला. वापरणाऱ्याने फक्त एक शब्द कमी लिहिला होता आणि उत्तरात त्याला प्रोग्रामच्या पोटातली हाडे दिसली. सबकमांड आवश्यक आहे असे सांगण्याची अधिकृत सोय ३.७ मध्ये आली, पण ती आपणहून चालू होत नाही, आपल्याला लिहावी लागते. ३.१४ मध्ये आलेली जवळचे नाव सुचवण्याची सोयही मागून घ्यावी लागणारीच आहे. आपल्या किती जुन्या टूल्समध्ये सबकमांड आवश्यक ठरवणारी एक ओळ घालायची राहून गेली आहे, हे प्रत्येकाने आपापल्या रेपॉझिटरीत शोधून पाहावे.

गो भाषेतील कोब्रा ही लायब्ररी क्युबकंट्रोल, डॉकर, ह्यूगो अशा नावाजलेल्या टूल्सच्या मुळाशी आहे. तिची उणीव दुसऱ्या टोकाची. कोब्रातील सबकमांडने कुठलीही एरर परत केली की ती एरर छापून तिच्याखाली त्या सबकमांडची पूर्ण वापरपद्धती छापणे हे तिचे मूळ वर्तन आहे. ऑप्शन चुकला असेल, तर हे समजण्यासारखे आहे. पण सर्व्हर बंद आहे, टोकनची मुदत संपली आहे, डिस्क भरली आहे, अशा वेळी पंचवीस-तीस ओळींची ऑप्शनची यादी खाली येते आणि खरी बातमी सांगणारी एकमेव ओळ वर सरकून पडद्याबाहेर जाते. वाचणारा शेवटची ओळ आधी वाचतो, कारण कर्सर तिथे असतो. त्याला तिथे ऑप्शन दिसतात, म्हणून तो ऑप्शन बदलून पुन्हा पुन्हा प्रयत्न करतो. व्याकरण बरोबर होते, हे त्याला कुणी सांगितलेलेच नसते. उपाय एका ओळीचा आहे. आर्ग्युमेंट्सची तपासणी पार पडली की खरे काम सुरू करण्याआधी 'सायलेन्स युसेज' हा गुणधर्म चालू करायचा. स्वतः गिटही इथे पूर्ण निर्दोष नाही. 'गिट कमिट'ला अनोळखी ऑप्शन दिला, तर चुकीची एक ओळ आणि तिच्याखाली पडदाभर यादी येते. जीएनयूच्या साध्या टूल्सची जुनी रीत इथे अधिक शहाणी वाटते. चूक एका ओळीत, आणि दुसऱ्या ओळीत 'अधिक माहितीसाठी हेल्प पाहा' एवढेच.

जागा ओळखली की कारण आणि पुढचे पाऊल सांगणे सोपे होते. अपस्ट्रीम ठरलेला नसताना 'गिट पुश' केले, तर कोणत्या ब्रँचला अपस्ट्रीम नाही हे सांगून गिट पूर्ण आज्ञा लिहून देते, त्यात आपल्या ब्रँचचे नावही भरलेले असते. ती उचलून चिकटवली की काम होते. डेबियन घराण्यातील 'एप्ट' कुलूप-फाइल मिळाली नाही की कारणानुसार वेगळे बोलते. परवानगी नसेल, तर 'तुम्ही रूट आहात का' असे विचारते आणि दुसऱ्या प्रोसेसने कुलूप धरले असेल, तर अलीकडच्या आवृत्त्यांत त्या प्रोसेसचा क्रमांकही देते. कुलूप तेच, पण उपाय दोन, म्हणून संदेशही दोन. हा भेद करायला प्रोग्रामला फारसे काही लागत नाही. ऑपरेटिंग सिस्टिमने दिलेला एरर क्रमांक त्याच्या हातात आधीपासूनच असतो आणि आपण तो 'काहीतरी चुकले' या वाक्याखाली पुरून टाकतो, हे दुर्दैव.

टायपिंगच्या चुकांबाबत एक सावधगिरी हवी. जवळचे नाव सुचवणे आता गिट, पिप, कार्गो, कोब्रा सगळेच करतात आणि ते करायलाच हवे. दोनशे नावांची यादी छापण्यापेक्षा एक नाव सुचवणे केव्हाही चांगले. पण सुचवणे वेगळे आणि परस्पर चालवणे वेगळे. गिटमध्ये सुचवलेली आज्ञा आपोआप चालवण्याची सेटिंग आहे, पण मुळात ती बंद असते, आणि तिच्यात द्यायचा आकडा सेकंदाच्या दहाव्या भागात मोजला जातो. १० लिहिणाऱ्याला दहा सेकंद मिळतील असे वाटते, प्रत्यक्षात एकच मिळतो. काही पुसून टाकणाऱ्या, सर्व्हरवर काही बदलणाऱ्या आज्ञांच्या बाबतीत टूलने अंदाजावर चालू नये, या मतावर आम्ही ठाम आहोत.

जाणकारांचा पहिला आक्षेप ठरलेला असतो. युनिक्सची परंपरा मितभाषी आहे, मग ही बडबड कशाला? परंपरा मितभाषी आहे ती काम यशस्वी झाल्यावर. 'सीपी'ने फाइल नकलून गप्प बसावे हे ठीकच. अपयशाच्या वेळचे मौन मात्र 'ईडी' या जुन्या एडिटरच्या प्रश्नचिन्हापाशी पोहोचते. चूक कुठलीही असो, तो एक प्रश्नचिन्ह छापतो. तेव्हाच्या संथ टेलिटाइपवर प्रत्येक अक्षराला वेळ लागत असे, ती अडचण आज उरलेली नाही. शिवाय आम्ही जास्त ओळी मागत नाही आहोत. वर दिलेल्या उदाहरणांपैकी निम्म्यांत ओळी कमीच होतात.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. संदेशाचा मजकूर बदलला की त्यावर विसंबलेल्या स्क्रिप्ट मोडतात. हे खरे आहे, आणि म्हणूनच स्क्रिप्टला विसंबायला दुसरे काहीतरी देणे ही आपली जबाबदारी ठरते. 'ग्रेप' जुळणी मिळाली तर ०, नाही मिळाली तर १ आणि चूक झाली तर २ असा एक्झिट कोड देतो, त्यामुळे त्याचा मजकूर वाचायची गरज कुणाला पडत नाही. गिट वापराच्या चुकीसाठी १२९ आणि काम अडल्यास १२८ देते, म्हणजे व्याकरण चुकले की जग आडवे आले हा भेद यंत्रालाही कळतो. 'गिट स्टेटस'ला यंत्रासाठी वेगळे, स्थिर स्वरूप आहे. एवढे दिल्यावर माणसासाठीचा मजकूर सुधारायला आपण मोकळे असतो. याच हिशेबात आणखी एक गोष्ट येते. वापरणाऱ्याने स्वतः हेल्प मागितली, तर ती स्टँडर्ड आउटपुटवर जावी आणि कोड ० असावा. चुकीमुळे छापलेली वापरपद्धती स्टँडर्ड एररवर जावी आणि कोड शून्येतर असावा. हा नियम मोडणाऱ्या टूलची हेल्प पाइप करून 'लेस'मध्ये वाचता येत नाही किंवा त्याची चूक निकालाच्या फाइलमध्ये निमूट मिसळून जाते.

अलीकडे तिसरा सूर ऐकू येतो. लोक आता संदेश एखाद्या भाषा-मॉडेलला चिकटवून विचारतात, मग संदेश चांगला असण्याची गरजच काय? पण त्या मॉडेललाही वाचायला तेवढाच मजकूर मिळतो. 'इनव्हॅलिड आर्ग्युमेंट' एवढेच त्याच्यापुढे ठेवले, तर तेही अंदाजच करणार. कोणती फाइल, कोणती किंमत, कोणती सबकमांड, हे फक्त आपल्या प्रोग्रामला चूक घडली त्या क्षणी माहीत असते. रात्री चाललेल्या बिल्डच्या लॉगमध्ये सकाळी उरतो तो फक्त संदेश, तेव्हा तर दुसरा साक्षीदारही नसतो. आपल्या वाचकांपैकी पुण्या-मुंबईत, बंगळुरूत किंवा परदेशात बसून टूल लिहिणाऱ्यांनी हेही ध्यानात घ्यावे की संदेश वाचणाऱ्या अनेकांची पहिली भाषा इंग्रजी नाही. वाक्प्रचार आणि विनोद त्यांना अडवतात. साधे क्रियापद, पूर्ण नाव आणि अवतरणचिन्हांत ठेवलेली चुकलेली किंमत कुणालाही वाचता येते.

लायब्ररी हे सगळे करील, असे म्हणून मात्र सुटका नाही. लायब्ररीला व्याकरण माहीत असते, हेतू नसतो. ती टंकनदोष ओळखेल, पण 'डिप्लॉय'च्या आधी 'लॉगिन' करायला हवे होते, हे आपणच लिहायचे आहे. आणि लिहिलेले टिकवायचेही आहे. रस्ट कंपायलरच्या चाचण्यांत मुद्दाम चुकवलेल्या प्रोग्रामशेजारी कंपायलरने छापायचा अपेक्षित मजकूर फाइल म्हणून ठेवलेला असतो. मजकूर बदलला की चाचणी अडते आणि नवा संदेश परीक्षकाच्या डोळ्यांपुढे येतो. आपल्या टूलसाठी अशा पाच फाइल पुरेत. सबकमांड नाही, सबकमांडचे नाव चुकले, ऑप्शन अनोळखी, किंमत चुकीची आणि शेवटी सगळे बरोबर असून सर्व्हर बंद. यातल्या पाचव्या फाइलमध्ये वापरपद्धतीची एकही ओळ असता कामा नये.