कुटुंबनियोजन : टाके तिचेच का?

मेढ्याला नात्यातल्या एका निकाहाला गेलो होतो. जेवणं झाल्यावर तरुण मुलांत लोकसंख्येवरून वाद रंगला. मी त्यांना आकडे सांगितले. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार १९९२-९३ मध्ये देशात मुस्लिम स्त्रीमागे सरासरी ४.४ मुलं होती. २०१९-२१ मध्ये २.४. सगळ्या धर्मांत ही घट सर्वात मोठी. मुलं खूश झाली.

मग मी त्याच पाहणीतला दुसरा आकडा सांगितला. देशातल्या ३७.९ टक्के विवाहित स्त्रियांची नसबंदी झाली आहे. पुरुष नसबंदीचं प्रमाण ०.३ टक्के. यावर कुणीच बोललं नाही.

मी तरी कोणत्या तोंडाने बोलणार? आमच्या दुसऱ्या बाळंतपणानंतर बायकोचं ऑपरेशन झालं. निर्णय घरच्यांचा, टाके तिचे. ‘तुम्ही का नाही?’ असं मला कुणी विचारलं नाही. मीही स्वतःला विचारलं नाही.

भारताने १९५२ मध्ये, जगात सर्वप्रथम, सरकारी कुटुंबनियोजन कार्यक्रम सुरू केला. आणीबाणीत १९७६ साली पुरुषांवर सक्ती झाली. त्या धसक्यानंतर कार्यक्रमाचा सगळा भार बायकांवर आला. तेव्हाची भीती खरी होती. पण आज आपण तिच्याआड लपतो आहोत.

सातारा जिल्हा परिषदेने २००७ मध्ये वेगळी वाट धरली. नवविवाहितांनी पहिलं मूल दोन वर्षं लांबवलं तर ५,००० रुपये, तीन वर्षं लांबवलं तर ७,५०० रुपये. मला यातली रक्कम महत्त्वाची वाटत नाही. ऑपरेशनच्या आधी, लग्नाच्या सुरुवातीलाच जोडप्याशी बोलणं सुरू झालं, हे महत्त्वाचं. अर्थात, ‘पाळणा कधी हलणार?’ हा घरातला प्रश्न पैशाने थांबत नाही. तिथे नवऱ्यालाच बोलावं लागतं.

‘धर्मात बसत नाही’ म्हणणाऱ्यांना एवढंच सांगा : कायमच्या नसबंदीबद्दल उलेमांत मतभेद आहेत, पण इमाम गझालींनी नऊशे वर्षांपूर्वी ‘अझल’ला मान्यता दिली होती. आणि अझल ही पुरुषाने पाळायची पद्धत आहे.

मित्रांनो, निकाहाआधी मेहर ठरते, जेवणाचा बेत ठरतो. पहिलं मूल कधी आणि काळजी कोण घेणार, हेही दोघांनी बोलून ठरवा. सरकारी आरोग्य केंद्रात निरोध मोफत मिळतो. तो आणायला तिला पाठवू नका, स्वतः जा.