काडी मोडली, घराचं काय?

लग्न मोडण्याला आपल्याकडे जुना शब्द आहे: काडीमोड. वाळकी काडी मोडली की नातं मोडलं. पूर्वी ते तेवढ्यावर भागत असे, कारण मोडायला तेवढंच होतं. बाई एक पेटी घेऊन माहेरी जायची. घर नवऱ्याचं, किंवा खरं तर सासऱ्याचं, आणि ते जागच्या जागी राहायचं.

आता गोष्ट तशी राहिलेली नाही. सोमेश्वरनगर ही बारामती तालुक्यातली, सोमेश्वर सहकारी साखर कारखान्याभोवती वाढलेली वस्ती. इथल्या आसपासच्या गावांत घर एका दमात होत नाही. एका वर्षीच्या ऊसबिलात जोतं होतं, पुढच्या गाळपाला स्लॅब पडतो, फरशीला दुधाचा पगार लागतो आणि उरलेल्याला बँकेचं किंवा पतसंस्थेचं कर्ज. कागदावर नवरा-बायको दोघांची नावं असतात. असं जोडपं वेगळं झालं की चार माणसं बसतात. मुलं कुणाकडे, दागिने कुणाचे, हे बोलून होतं. घराशी येऊन मात्र बैठक अडते. मग पारावर ठेवणीतले युक्तिवाद निघतात. ते एकेक करून तपासू.

पहिला युक्तिवाद: 'बायकांची नावं घरावर लावली, तेव्हापासून घरं मोडायला लागली.' नावं लावण्याची चळवळ काही परक्या मुलखातून आलेली नाही. 1990 च्या सुमारास शरद जोशींच्या शेतकरी संघटनेनं लक्ष्मीमुक्ती मोहीम चालवली आणि शेतकऱ्यांनी आपण होऊन जमिनी बायकांच्या नावे केल्या. 1992 साली शासनानं परिपत्रक काढून बायकोचं नाव सातबाऱ्यावर लावायची वाट मोकळी केली. 1994 साली राज्याचं महिला धोरण आलं आणि त्याच वर्षी महाराष्ट्रानं हिंदू वारसा कायद्यात दुरुस्ती करून मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत मुलांच्या बरोबरीनं आणलं. तेव्हा मुख्यमंत्री याच बारामती तालुक्यातले होते. 2003 साली गावातली घरं पती-पत्नी दोघांच्या नावे नोंदवण्याचा शासन निर्णय झाला. पंतप्रधान आवास योजनेचं घरकुलही दोघांच्या किंवा बाईच्या नावे मिळतं.

नावानं घर मोडत असतं तर गोव्यात एकही घर उभं दिसलं नसतं. तिथं 1867 च्या पोर्तुगीज नागरी संहितेपासून आलेली रीत आजही चालते. लग्नाआधी वेगळा करार केला नसेल, तर संपत्ती दोघांची निम्मी-निम्मी धरली जाते आणि नवऱ्याला एकट्याच्या सहीनं घर विकता येत नाही. गोवेकरांचे संसार आपल्यासारखेच चालतात. नाव नव्हतं तेव्हा आपल्याकडे भांडणं नव्हती, असंही नाही. ती लवकर मिटत, कारण एका बाजूला बोलायला तोंडच नव्हतं. त्याला समेट म्हणायचं असेल तर खुशाल म्हणा.

दुसरा युक्तिवाद जास्त वजनदार आहे: 'हप्ते ज्याचे, घर त्याचं.' यात थोडं तथ्य आहे, ते मान्य करून पुढं जाऊ. मालमत्ता हस्तांतरण कायद्याचं कलम 45 सांगतं की दोघांनी आपापल्या वेगळ्या पैशातून मिळकत घेतली असेल, तर एरवी काही ठरलेलं नसताना हिस्सा पैशाच्या प्रमाणात. पण तेच कलम हेही सांगतं की कुणी किती घातले याचा पुरावा नसेल, तर हिस्से समान धरायचे.

आता पुरावा कुणाकडे असतो ते पाहा. ऊसबिल जमा होतं सभासदाच्या खात्यावर आणि सभासद बहुतेक घरांत पुरुषच. पहाटेच्या धारा बाई काढते. डेअरीचं कार्ड मात्र पुरुषाच्या नावानं. लागणीला, खुरपणीला ती रानात असते, पण त्याची नोंद कुठल्याच पासबुकात होत नाही. म्हणजे ज्याच्या नावे खातं त्याचा पैसा, आणि ज्याचा पैसा त्याचं घर. हा हिशेब बरोबर नाही, हे आता न्यायालयंही म्हणू लागली आहेत. जून 2023 मध्ये मद्रास उच्च न्यायालयानं एका प्रकरणात मान्य केलं की घर सांभाळणाऱ्या बायकोच्या कष्टामुळंच नवऱ्याला कमावता येतं, म्हणून तशा कमाईतून घेतलेल्या मिळकतीत तिचा बरोबरीचा वाटा आहे. तो निकाल महाराष्ट्रातल्या न्यायालयांवर बंधनकारक नाही. पण विचार कुठल्या दिशेला निघाला आहे, ते त्यातून कळतं.

शिवाय कर्जाचं काय? दोघांनी सह्या केल्या असतील, तर बँक सगळी थकबाकी दोघांपैकी कुणाकडूनही वसूल करू शकते. बँकेला घटस्फोटाशी देणंघेणं नसतं. तेव्हा 'घर माझ्या एकट्याचं, कर्ज मात्र दोघांचं' हा न्याय नव्हे, चलाखी आहे.

तिसरा युक्तिवाद: 'पोटगी घेतली ना, मग घरावर बोलू नको.' पोटगी असते जगण्यासाठी, हिस्सा असतो मालकीचा. घरगुती हिंसाचारविरोधी कायद्यानं 2005 मध्ये दिलेला सामायिक घरात राहण्याचा हक्क तिसराच. तो मालकी नसली तरी असतो, आणि घर सासऱ्याच्या नावे असलं म्हणून तो आपोआप बुडत नाही, हे सर्वोच्च न्यायालयानं 2020 मध्ये स्पष्ट केलं. यातलं एक दिलं म्हणून दुसरं फिटत नाही. भाऊ-भाऊ वेगळे निघतात तेव्हा आपण काय करतो? मोजणी मागवतो, वाटणीपत्र करतो, बांध घालतो. नोकरीनिमित्त पुण्याला गेलेल्या भावाला 'तू गाव सोडलंस, तुझा हिस्सा संपला' असं कुणी म्हणत नाही. म्हटलं तर तो दुसऱ्या दिवशी बारामतीला वकिलाकडे जातो. मग तोच नियम बायकोला लावताना जीभ का अडखळते?

चौथा युक्तिवाद भल्या माणसांचा आहे: 'दोघांनीही सोडा, घर पोरांच्या नावे करा.' ऐकायला गोड, निस्तरायला कडू. अज्ञान मुलाच्या नावे झालेली स्थावर मिळकत न्यायालयाच्या परवानगीशिवाय विकता येत नाही, तारणही ठेवता येत नाही. हप्ते कुणी फेडायचे, आत कुणी राहायचं, गळकं पत्र्याचं छप्पर कुणी बदलायचं, हे प्रश्न तसेच राहतात. फक्त आई-बापाचं भांडण दहा वर्षांच्या पोराच्या नावावर चढतं.

आता आमच्या बाजूच्यांनाही एक खडा बोल. 'नाव लागलं, जिंकलो' हाही भ्रम आहे. ग्रामपंचायतीचा नमुना 8 हा घरपट्टीसाठी केलेला उतारा आहे, मालकीचा कागद नव्हे. सासऱ्याच्या जागेवर बांधलेल्या घराला नमुना 8 वर सुनेचं नाव लागलं, तरी खालची जमीन तिची होत नाही. खरेदीखत काय म्हणतं, गावठाणाची मिळकत पत्रिका काय म्हणते, ते आधी पाहावं लागतं.

मग करायचं काय? दोघांची मालकी खरी असेल तर रस्ते तीनच. एकानं दुसऱ्याचा हिस्सा विकत घ्यावा. किंमत भावकीनं नव्हे, मूल्यांकन करणाऱ्यानं ठरवावी आणि त्यातून उरलेलं कर्ज वजा करावं. ते जमत नसेल तर घर विकून पैसे वाटावेत. मुलांची शाळा सुरू आहे म्हणून आत्ता विकायचं नसेल, तर कोण राहील, हप्ता कोण भरेल आणि कोणत्या तारखेला हिशेब होईल, हे लिहून ठेवावं. कुणीच ऐकत नसेल तर 1893 चा वाटणी कायदा आहे. घराचे तुकडे पडत नसतील तर निम्म्या हिस्सेदाराच्या मागणीवरून न्यायालय विक्रीचा हुकूम देऊ शकतं, आणि दुसऱ्याला घर हवं असेल तर ठरलेल्या किमतीत ते घेण्याची संधीही देतं. म्हणजे न्यायालयसुद्धा शेवटी याच दोन रस्त्यांवर आणून सोडतं. मधली वर्षं आणि फी तेवढी वाया.

वेळही पाहा. पैसे न घेता एकजण आपला हिस्सा दुसऱ्याला देणार असेल, तर ते घटस्फोटाच्या हुकमाआधी करावं. राहत्या घराच्या बक्षीसपत्राला महाराष्ट्रात नवरा-बायकोमध्ये मुद्रांक शुल्क नाममात्र आहे. हुकूम झाला की नातं संपलं आणि ती सवलतही संपली. घरावर कर्ज असेल तर बँकेला आधी विचारा. संमतीनं घटस्फोट घेत असाल तर अर्जात घराचा गट नंबर, हिस्सा, रक्कम, तारीख सगळं लिहा. 'आपसात मिटवले आहे' या तीन शब्दांवर पुढं तीन खटले उभे राहतात.

आणि सगळ्यात महत्त्वाचं. काडीमोडीच्या स्टॅम्पपेपरवर शेवटी एक ओळ टाकण्याची आपल्याकडे सवय आहे: 'घरावर माझा कोणताही हक्क राहिला नाही.' खाली तिची सही किंवा अंगठा आणि नोटरीचा शिक्का. रूढी सिद्ध झाली तर हिंदू विवाह कायदा अशी सोडचिठ्ठी मानतो. घराच्या बाबतीत मात्र ती ओळ पोकळ आहे. शंभर रुपये किंवा त्याहून जास्त किमतीच्या स्थावर मिळकतीवरचा हक्क सोडायचा, तर 1908 च्या नोंदणी कायद्याप्रमाणं दस्त नोंदवावाच लागतो. ज्याला वाटलं की घर आपलं झालं, तोही फसतो. जिला वाटलं की घर गेलं, ती उगाच गप्प बसते.

तेव्हा काडीमोडीला चार माणसं बसवायची तर बसवा, चहा पाजा, समजूत घाला. पण घराची वाटणी भावाला देता तशी मोजून द्या, आणि तिचा दस्त दुय्यम निबंधकासमोर करा.