कुलूप निघाले, दार कोणी लोटायचे?



आपल्या राज्यघटनेला नववे परिशिष्ट आहे. १९५१ साली पहिल्या घटनादुरुस्तीने ते जोडले. त्यात टाकलेल्या कायद्याने मूलभूत हक्क मोडला तरी कोर्टात दाद नाही. निमित्त जमीनदारी हटवण्याचे. सुरुवातीला १३ कायदे होते, पुढे यादी २८४ वर गेली. जमीनदार केव्हाच गेले, आत सापडलो आपण.

१९५५ चा जीवनावश्यक वस्तूंचा कायदा या परिशिष्टात कधी गेला? १९७६ साली. आणीबाणी होती, विरोधी पुढारी तुरुंगात होते. या कायद्याच्या कलम ३ खाली सरकार नुसत्या हुकुमाने मालाचा साठा, वाहतूक आणि भाव बांधते. जून २०२३ मध्ये तुरीवर साठामर्यादा आली ती अशीच. मर्यादा व्यापाऱ्याला, पण त्याने खरेदीचा हात आखडला की भाव पडतो कोणाचा? कपाशीत तुरीचे तास धरणाऱ्याचा! शहरातल्या गरिबाला स्वस्त डाळ मिळावी, हे आम्हीही म्हणतो. मग ती सरकारी तिजोरीतून द्या, आमच्या भावातून का?

११ जानेवारी २००७ ला सर्वोच्च न्यायालयाच्या ९ न्यायमूर्तींनी कोएल्हो खटल्यात सांगितले की, २४ एप्रिल १९७३ नंतर परिशिष्टात घातलेले कायदे तपासता येतील. १९७६ हे १९७३ नंतर येते, एवढा हिशेब आम्हालाही जमतो. म्हणजे या कायद्याचे कुलूप निघाले आहे.

कायदेपंडितांनी या निकालावर पोतीभर लिहिले. संसद मोठी की न्यायालय? वाद मोलाचा आहे, आम्ही नावे ठेवत नाही. पण बाजार समितीच्या ओट्यावर एका हुकुमाने काय होते, हे त्या जाड पुस्तकांत किती पाने व्यापते? मालमत्तेचा हक्क १९७८ च्या ४४ व्या दुरुस्तीने मूलभूत हक्कांतून काढला खरा, पण कलम १९ मधले धंद्याचे स्वातंत्र्य अजून शाबूत आहे. ते फक्त कारखानदाराचे आहे काय?

२०२० साली साठ्याचे बंधन सैल केले, २०२१ साली ती दुरुस्ती मागे घेतली. सोडताना आम्हाला विचारले नाही, आवळतानाही नाही.

जिल्हा मेळाव्याला येताना २०२३ च्या तूरविक्रीच्या पट्ट्या आणा. जूनच्या आधीच्या आणि नंतरच्या, दोन्ही. वकील मंडळींपुढे त्याच ठेवायच्या आहेत.