अमेरिकेने एचआयव्ही लसीचा निधी थांबवला. आता पुण्याकडे बघायची वेळ

तामलवाडीच्या टोलनाक्यावर दिवसरात्र ट्रक थांबतात. सोलापूरहून तुळजापूर, बीड, छत्रपती संभाजीनगरकडे जाणारा हा रस्ता. पूर्वी याच रस्त्याच्या ढाब्यांवर एड्सचे फलक दिसायचे, ड्रायव्हर लोकांना समजावून सांगायला कार्यकर्ते यायचे. आता कुणी त्या आजाराचं नाव काढत नाही. जणू तो संपलाच. हकीकत तशी नाही. देशात आजही सुमारे २५ लाख लोक एचआयव्हीसोबत जगत आहेत आणि त्यात सर्वात जास्त संख्या आपल्या महाराष्ट्राची आहे.

म्हणूनच मे २०२५ मधली अमेरिकेची एक बातमी आम्हाला महत्त्वाची वाटते. तिथल्या सरकारी आरोग्य संशोधन संस्थेने ड्यूक विद्यापीठ आणि स्क्रिप्स संशोधन संस्था यांच्या एचआयव्ही लसीच्या दोन मोठ्या प्रकल्पांना पुढचा निधी देणार नाही, असं कळवलं. या प्रकल्पांचा भर विषाणूच्या बाहेरच्या आवरणावर होता. तिकडचा पैसा थांबला तर तामलवाडीला काय फरक पडतो? पडतो. कसा, ते सांगतो.

आवरणाला उर्दूत आणि मराठीतही आपण लिफाफा म्हणतो. एचआयव्हीच्या लिफाफ्यावर प्रथिनांच्या मोजक्या गाठी असतात. जीपी-१२० आणि जीपी-४१ ही त्यांच्या दोन भागांची नावं. रक्तातल्या संरक्षक पेशीला याच गाठी पकडतात आणि विषाणूला आत शिरायला वाट करून देतात. शरीराने ही गाठ ओळखून आधीच बांधून टाकली, तर विषाणू दाराबाहेरच राहील. लसीने करायचं काम हेच.

अडचण अशी की हा लिफाफा मोठा लबाड आहे. जीपी-१२० चं जवळपास निम्मं वजन साखरेच्या कणांचं असतं. ही साखर आपल्याच पेशींनी चढवलेली असल्यामुळे शरीर तिला परकं मानत नाही. वर विषाणू आपलं रूप सतत बदलतो. म्हणून ४० वर्षांत लस हाती आली नाही. २००९ मध्ये थायलंडच्या चाचणीत ३१ टक्के संरक्षण दिसलं, तेव्हा आशा वाटली. पण त्याच धर्तीवरची दक्षिण आफ्रिकेतली चाचणी फेब्रुवारी २०२० मध्ये थांबवावी लागली. जानेवारी २०२३ मध्ये आणखी एक मोठी चाचणी बंद झाली.

इथे कुणीही विचारेल, आणि आमच्याकडे चहाच्या टपरीवर विचारलंही जातं: गावच्या दवाखान्यात औषध मिळत नाही आणि सरकारने न लागणाऱ्या लसीवर पैसे का उधळायचे? सवाल रास्त आहे. त्याला टाळून चालणार नाही.

पहिलं उत्तर कोरोनाने दिलं. मॉडर्ना आणि फायझरच्या लसींत कोरोनाच्या काटेरी प्रथिनाला एका ठरावीक आकारात घट्ट धरून ठेवलं होतं. ही युक्ती एचआयव्ही आणि आरएसव्ही या विषाणूंच्या अशाच प्रथिनांचा वर्षानुवर्षं अभ्यास करून हाती आली होती. त्यात मोठा वाटा असलेलं अमेरिकेचं सरकारी लस केंद्र १९९७ मध्ये जाहीर झालं, तेच मुळी एड्सच्या लसीसाठी. म्हणजे एका आजारावरची मेहनत दुसऱ्या आजारात जीव वाचवून गेली. आपल्याकडची कोव्हॅक्सिनही पुण्याच्या सरकारी विषाणू संस्थेने वेगळ्या केलेल्या विषाणूवरच तयार झाली.

दुसरं उत्तर घरचं आहे. एड्सचं पहिलं औषध झिडोव्हुडीन भारतात स्वस्तात बनलं, त्याची पद्धत हैदराबादच्या भारतीय रासायनिक तंत्रज्ञान संस्थेने, म्हणजे सरकारी प्रयोगशाळेने शोधली होती. मुंबईच्या सिप्ला कंपनीने १९९३ मध्ये ते बाजारात आणलं. पुढे २००१ मध्ये सिप्लाच्या युसूफ हमीद यांनी तीन औषधांचा वर्षभराचा इलाज ३५० डॉलरमध्ये देऊ केला. तेव्हा पाश्चात्त्य कंपन्या त्याचेच १० हजार डॉलरहून जास्त घेत होत्या. १ एप्रिल २००४ पासून आपल्या सरकारने हा इलाज मोफत सुरू केला. जनतेच्या पैशाने शोध लागला, म्हणून तो गरिबापर्यंत येऊ शकला.

तिसरं उत्तर सर्वात महत्त्वाचं. भारतात सापडणारा एचआयव्ही प्रामुख्याने सी प्रकारचा आहे. अमेरिका-युरोपात बी प्रकार जास्त. आपल्याकडच्या विषाणूचा लिफाफा आपल्यालाच अभ्यासावा लागेल. ज्या आजाराचे रोगी गरीब आहेत, त्यात खासगी कंपनी २०-२० वर्षं पैसा अडकवून बसणार नाही.

हे काम आपल्याला नवीनही नाही. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने १९९२ मध्ये पुण्यात भोसरीला राष्ट्रीय एड्स संशोधन संस्था उभी केली. लोक तिला अजून ‘नारी’ म्हणूनच ओळखतात, नाव आता बदललं असलं तरी. देशातली पहिली एचआयव्ही लस चाचणी फेब्रुवारी २००५ मध्ये इथेच सुरू झाली. २००९ मध्ये पुणे आणि चेन्नईत ३२ निरोगी स्वयंसेवकांवर दुसऱ्या लसींची चाचणी झाली. त्यात लिफाफ्याच्या प्रथिनाचा जीनही होता. लस तयार झाली नाही, पण चाचणी घेणारे हात तयार झाले. फरिदाबादच्या सरकारी संस्थेतही भारतीय सी प्रकाराच्या लिफाफ्यावर काम चालू आहे.

वेळेवर इलाज सुरू केला तर जोडीदाराला होणारी लागण ९६ टक्क्यांनी कमी होते, हे २०११ मध्ये जगाला दाखवणाऱ्या अभ्यासातही पुण्याची ‘नारी’ सहभागी होती. आज डॉक्टर ज्या भरवशावर सांगतात की ‘गोळ्या नीट घ्या, संसार करा’, तो भरवसा इथल्या जोडप्यांनी दिलेल्या साथीतून आलेला आहे.

कुणी म्हणेल, आता सहा महिन्यांतून एकदा घ्यायचं लेनाकापाविर इंजेक्शन आलंय, मग लस कशाला? इंजेक्शन चांगलंच आहे. दोन भारतीय कंपन्या २०२७ पासून ते वर्षाला सुमारे ४० डॉलरमध्ये देणार आहेत. पण दर सहा महिन्यांनी दवाखान्याची पायरी चढणं ट्रक चालवणाऱ्याला, ऊसतोडीला जाणाऱ्याला किती जमेल? आणि ते घ्यायला जाणारा माणूस लोकांच्या नजरेत येतोच. लहानपणी टोचलेल्या लसीला अशी भीती नसते.

ती नजर हाच आपल्या वाट्याचा प्रश्न. आमच्या ओळखीचे एक भाई जवळचं केंद्र सोडून लांबच्या जिल्ह्यात गोळ्या आणायला जायचे, गावात कुणी बघू नये म्हणून. एकदा भाड्याला पैसे नव्हते, महिनाभर गोळ्या चुकल्या. शास्त्राने केलेली कमाई अशी आपणच घालवतो. २०१७ चा एचआयव्ही कायदा नोकरी, शिक्षण आणि इलाजात भेदभावाला मनाई करतो. पण मोहल्ल्यातली कुजबुज कायद्याने थांबत नाही. ती घरातून, शाळेतून आणि जुम्म्याच्या दिवशी मस्जिदीतून थांबवावी लागेल.

अमेरिकेने हात आखडला, तेव्हा आपल्या सरकारने पुण्या-फरिदाबादच्या कामाला जास्त निधी द्यावा, आणि त्या पैशाचं काय झालं हे मराठीत, उर्दूत लोकांना सांगावं, ही मागणी आपण खासदार-आमदारांकडे केली पाहिजे. हा पैसा आपलाच आहे, टोलपासून काडेपेटीपर्यंत आपण भरलेल्या कराचा. तो अमानत आहे, आणि अमानतीचा हिशेब मागणं हा आपला हक्क आहे. तोवर ज्याला शंका असेल त्याने सरकारी दवाखान्यात मोफत तपासणी करून घ्यावी. १०९७ या नंबरवर माहितीही मोफत मिळते.